मिशीवाली मरीया

उसाच्या फडात छबुबाई एकाएकी हसत खाली बसली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, सटवाला, वाटलं की हिला काहीतरी चावलं. त्यानं कोयता टाकला आणि तिचे पाय बघायला लागला. पायाला काही नव्हतं. थंडीचे दिवस, नुकतं फटफटलेलं, पाचटावर दहिवर. बाईच्या तोंडातून वाफ निघत होती आणि वाफेबरोबर हसू. शेजारच्या सरीतली माणसं थांबली. मुकादमानं लांबून हाळी देऊन विचारलं, काय झालं. सटवानं हात हलवून कळवलं की काही नाही, बायको हसतेय. मुकादमाला हे कारण पटलं नाही, पण हसण्याला काय शिक्षा करायची असते हे त्यालाही सुचेना.

"आवं," छबुबाई शेवटी म्हणाली, "ती खरीच बाई व्हती."

"कोण?"

"मरीया."

एवढं बोलून ती परत हसायला लागली आणि मोळीवर आडवी झाली.

या हसण्याचं मूळ तिच्या वाडीत आहे. दिंद्रुड आणि तेलगावच्या मध्ये डांबरी रस्ता सोडून आत गेलं की माळाच्या पायथ्याला ही वाडी लागते. त्यात थोडी घरं ख्रिस्ती. पणजोबांच्या काळात कुणी मिशनरी बैलगाडीतून आला, त्यानं खरजेवर मलम दिलं, झाडाखाली शाळा भरवली आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना त्यांच्या नावानं हाक मारली. तेव्हापासून ही घरं प्रभूची. नावं मात्र होती तीच राहिली. सटवा हा सटवाईच्या नावाचा ख्रिस्ती आहे आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. वाडीत पत्र्याचं प्रार्थनाघर आहे, दारात लिंब आहे आणि लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आहे. ती घंटा. लोखंडी पान्यानं वाजवायची.

दिवाळीनंतर ही वाडी ओस पडते. माणसं ऊस तोडायला कारखान्यावर जातात. जोडीनं जातात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून तोल सावरत ट्रकात चढवते. या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसं किती आली असं कुणी विचारत नाही, कोयते किती आले असं विचारतात. कारखाना बंद झाला की कोयते परत येतात आणि त्याच सुमाराला ईस्टर येतो, प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस.

त्या दिवशीची वाडीची एक रीत आहे. माळावर मुरूम उपसून उपसून एक भगदाड पडलंय. ती कबर. तिच्या तोंडावर ट्रॅक्टरचा मोठा जुना टायर उभा करतात, त्याला गोणपाट गुंडाळून शेणामातीनं लिंपतात. ती धोंड. उजाडायच्या आधी मग्दालीया मरीया आणि तिच्या सोबतीची दुसरी बाई अत्तराची लोटी घेऊन माळ चढतात. मेलेल्या प्रभूच्या देहाला लावायला अत्तर. वर पहारेकरी मेल्यासारखे पडतात, देवदूत धोंड सरकवतो आणि सांगतो, भिऊ नका, तो इथं नाही, उठला आहे, जा आणि सगळ्यांना सांगा. मग मरीया पळत खाली येते. खाली सगळी मंडळी प्रार्थनाघरासमोर मुकी उभी असते. मरीया येऊन निरोप सांगेपर्यंत कुणी बोलायचं नाही, चहाला तोंड लावायचं नाही, रुळाला पाना लावायचा नाही. निरोप आला की घंटा, घंटेमागून ढोलकी, ढोलकीमागून गाणी, आणि मग गुळाचा शिरा.

आणि मरीया म्हणजे मोहनराव.

मोहनराव मंडळीतले वडीलधारे पंच. त्यांच्या आधी त्यांचे वडील मरीया होत. बाईमाणसानं मंडळीत उभं राहून बोलायचं नाही हा वाडीचा जुना दंडक, म्हणून शास्त्रातल्या बायांची सोंगंसुद्धा गड्यांनीच घ्यायची. मोहनरावांची मिशी माजलगावच्या बाजारात लांबून ओळखू येते. ती त्यांनी मरीयेसाठीही कधी उतरवली नाही. डोक्यावर पदर, पदराखाली कुंकू नसलेलं रुंद कपाळ, आणि त्याखाली दोन्हीकडं वर वळलेली ती मिशी. दुसरी बाई सटवा. त्याचीही मिशी होती, पण दुसऱ्या बाईला शोभेल इतपतच.

छबुबाई या वाडीत लग्न होऊन आली ती लिंबागणेशकडून. माहेर ख्रिस्तीच, पण तिकडं घर एकटं. प्रार्थनाघर नाही, प्रार्थना चालवणारा पाळक नाही, वर्षाकाठी कुणीतरी येऊन हात जोडून जायचं. अक्षराची ओळख तिला नव्हती. सासरच्या पहिल्या ईस्टरला ती मंडळीत मागं उभी राहिली आणि अंधारातून लुगडं नेसलेले दोन मिशीवाले पळत येताना तिनं पाहिले. नव्या नवरीनं काही विचारायचं नसतं. तिनं आपल्या मनाशी हिशोब लावला आणि तो हिशोब असा काही चोख बसला की नंतर कधी तपासावा असं तिला वाटलं नाही. कबरीवर शिपायांचा पहारा. प्रभूच्या माणसांना धरायला शिपाई टपलेले. मग त्या माणसांनी काय करावं? बाईचं लुगडं नेसून जावं. बाईला कोण अडवतंय, बाईकडं कोण बघतंय. मरीया म्हणजे लुगडं नेसून निसटलेला कुणीतरी धाडसी गडी. या हुशारीचं तिला भारी कौतुक वाटे. दरवर्षी सटवाचा कासोटा ती असा कसून घाली की शिपायांनी कितीही ओढला तरी सुटू नये.

यंदा मंडळीला नवा पाळक मिळाला होता. प्रविण पाळक, तरुण, चष्म्याचा, भित्रा. वाडी कारखान्यावर गेल्यावर रिकाम्या प्रार्थनाघरात कुणाला शिकवायचं म्हणून तो रोज संध्याकाळी शास्त्रातली एक गोष्ट सांगून फोनवर पाठवायचा. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत बाया भाकरी थापता थापता ऐकायच्या. फोन रिकाम्या पातेल्यात ठेवायचा, म्हणजे पाळकाचा बारीक आवाज मोठा होतो.

त्या पातेल्यातून छबुबाईला काय काय ऐकू आलं. दबोरा नावाची बाई खजुरीच्या झाडाखाली बसून न्यायनिवाडा करायची, आणि सेनापती तिला म्हणायचा, तू बरोबर येत असशील तरच मी लढाईला जातो. कोपीतल्या बायांनी हे दोनदा लावायला लावलं. शोमरोनी बाई भरदुपारी विहिरीवर प्रभूशी वाद घालत बसली आणि मग घागर तिथंच टाकून गावात सांगत सुटली. यावर बाया घागरीपाशी अडकल्या. घागर तशीच टाकून गेली? मग ती घागर कुणी नेली? पाळकानं घागरीचं पुढं काय झालं ते सांगितलं नव्हतं आणि बायांना त्याचा राग आला.

आणि एका संध्याकाळी पुनरुत्थानाची गोष्ट आली. मरीया कबरीपाशी एकटीच रडत उभी होती. मागून प्रभूनं विचारलं, बाई, का रडतेस? तिला वाटलं हा बागेतला माळी असेल. इथं छबुबाईनं मान डोलावली. बरोबरच आहे, पहाटे शेतात दुसरं कोण असतं. पण भाकरी उलथताना तिच्या मनात खडा लागला. आजूबाजूला कुणी नसताना हा सोंग घेतलेला गडी रडतोय कशाला? शिपाई नाहीत, बघायला कुणी नाही. अन् प्रभूनं त्याला 'बाई' म्हणून हाक मारली, प्रभूला तरी सोंग कळलं असतं की. तो खडा घेऊन ती निजली, तो खडा घेऊन उठली, आणि सकाळी पाचट सोलताना तिला दिसलं की सोंग नव्हतंच. ती बाई होती. साधी, रडणारी, पहाटे उठून कामाला निघालेली बाई. मिशी मोहनरावांची होती.

सगळं ऐकून सटवानं कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"तुला हसू यायलंय," तो म्हणाला. "मला बी तसंच वाटत व्हतं. म्हणून तर मी ढांगा टाकत पळायचो."

आता तो हसायला लागला. मग दोघं. अख्खा एक कोयता उसात बसून हसत राहिला आणि मुकादम परत ओरडला.

हंगामभर हे हसू तिच्या पोटात राहिलं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढताना मध्येच तिला आठवायचं आणि मोळी डुलायची. ती पाण्याच्या टँकरपाशी, सरपणाच्या ओझ्यापाशी, दिसेल त्या बाईला सांगत सुटली. परभणीकडच्या टोळीतल्या बायांना ख्रिस्ताशी काही देणंघेणं नव्हतं, पण मिशीवाल्या मरीयेची गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगून घेतली.

हसण्याच्या खाली मात्र हळूहळू दुसरं काहीतरी जमायला लागलं. छबुबाईनं आयुष्यात डोक्यावरून काय नाही वाहिलं. पाणी, शेण, ऊस, मुरूम, एकदा तापानं फणफणलेली सासू. पण चांगली बातमी तिनं कधी कुणाकडं नेली नव्हती. बातम्या तिच्याकडं यायच्या, त्याही कशा, तर ट्रक लागला, आवरा. पाणी संपलं, उठा. आणि इथं जगातली सगळ्यात मोठी बातमी देवानं अशाच एका बाईच्या हातात दिली होती, आणि ती नेण्यासाठी वाडीनं मिशीवाला माणूस नेमला होता. तिला एकच गोष्ट हवीशी झाली. यंदा माळावरून आपण पळत यायचं आणि ते एक वाक्य आपल्या तोंडानं सांगायचं.

वाडीत परतल्यावर बोचकं न सोडता ती मोहनरावांकडं गेली. मोहनराव ओट्यावर मिशीला तेल लावत होते. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. लहान मुलानं चंद्र मागावा तसं त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि हे आपल्या एकट्याच्या हातात नाही, पंच बसतील, असं सांगितलं.

पंच लिंबाखाली बसले. भगवानराव हे दुसरे पंच, शास्त्राचे पक्के. त्यांनी प्रभूचा प्रेषित पौल याचं वचन काढलं. बायांनी मंडळीत गप्प राहावं असं पौलानं लिहून ठेवलंय, तिथं आपण कोण? सगळ्यांनी प्रविण पाळकाकडं पाहिलं. पाळकानं चष्मा पुसला. तो हळूच म्हणाला की खरंय, पण त्याच पौलानं रोमला लिहिलेलं पत्र फिबी नावाच्या बाईबरोबर पाठवलं असं जाणते लोक मानतात. आणि प्रिस्किला आणि अक्विला या जोडप्याचं नाव तो घेतो तेव्हा बऱ्याचदा बायकोचं नाव आधी घेतो. आणि ख्रिस्तामध्ये बाई आणि गडी हा भेद उरत नाही, हेही पौलाचंच. एवढं बोलून त्यानं भगवानरावांच्या भुवया पाहिल्या आणि चष्मा परत पुसायला घेतला.

छबुबाई मागं उभी होती. तिनं पदर खोचला.

"कारखान्यावर मी अर्धा कोयता हाय," ती म्हणाली. "मोळी माझ्या डोक्यावर देताना कुणी म्हणत न्हाई, बाईनं गप ऱ्हावं. निरोप तेवढा मोळीपेक्षा जड हाय व्हय, दादा?"

कुणीतरी खुदकन हसलं. मोहनरावांनी खालमानेनं मिशीचं टोक पिळलं. सगळ्यांना दिसलं की हा माणूस अडचणीत आहे, आणि अडचण पौलाची नाही. वर्षातून एक पहाट अशी होती की मोहनराव सातबाऱ्यावरचे मोहनराव राहत नसत. बापाच्या मागून ती पहाट त्यांच्याकडं आली होती. ती दिली तर त्यांच्याकडं उरणार काय, मिशी?

निर्णय झाला. छबुबाईनं कंदील धरून माळावर जावं, मरीयेची साडी नीट करावी, कबरीपर्यंत जायला हरकत नाही. निरोप गड्यानंच सांगायचा.

ती घरी आली आणि पहिल्यांदाच दिवसभर हसली नाही. सटवानं दोनदा ढांगा टाकून दाखवल्या, तरी नाही.

ईस्टरच्या पहाटे माळ काळा होता आणि त्याच्या कडेला आभाळाला नुसती एक चीर पडली होती. लांब तेलगावच्या बाजूला एकच दिवा, तोही जागा आहे की विसरलेला आहे ते कळत नव्हतं. छबुबाई कंदिलाच्या उजेडात मोहनरावांना नेसवत होती. यंदा त्यांनी सुनेची, वैष्णवीची, टिकल्यांची पाचवारी साडी आणली होती. पोरं फोनवर चित्रण करणार होती आणि चकाकणारी साडी उठून दिसेल असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"दादा, लुगडं नेसा. पाचवारीत पळता येत न्हाई," ती म्हणाली. "कासोटा पाहिजे."

"लुगडं आता म्हाताऱ्या नेसत्यात. मरीया काय म्हातारी व्हती?"

यावर शास्त्रात काही सांगितलेलं नव्हतं. तिनं निऱ्या घातल्या आणि पिना लावल्या.

मिरवणूक वर निघाली. पुढं मोहनराव लहान पावलं टाकत, मागं सटवा लुगड्यात मोकळा, शेवटी कंदील घेतलेली छबुबाई. वर पहारेकरी होते अजिनाथ आणि रामकिसन. कारखान्यावरून दोघं आदल्याच दिवशी परतले होते, हाडं अजून ट्रकात हेलकावत होती. मेल्यासारखं पडायचं म्हणून ते पडले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले. इथंच घोळ झाला. कारण मेलेल्या पहारेकऱ्यांचं एक गुपचूप काम असायचं. देवदूतानं टायर सरकवला की त्यांनी पायांनी तो धरून ठेवायचा, उतारावर जाऊ द्यायचा नाही.

देवदूत म्हणजे धुळाजी. सत्तरीचा म्हातारा. वाडीत पांढरंशुभ्र धोतर त्याच्या एकट्याकडं असल्यानं हे काम त्याच्याकडं होतं. त्यानं टायरला खांदा लावला. टायर हलला, गोणपाटाची माती गळाली, टायर सरकला, थांबायला हवा होता, थांबला नाही. धुळाजीनं दोन्ही हात वर केले आणि आपलं वाक्य म्हटलं.

"भिऊ नका."

तोवर धोंड मोहनरावांच्या दिशेनं निघाली होती.

मोहनराव पळाले. पाचवारी साडीत माणूस जेवढं पळू शकतो तेवढे पळाले, म्हणजे दोन पावलं. तिसरं पाऊल निऱ्यांत अडकलं आणि मरीया टिकल्यांसकट मुरमावर घसरत गेली. टायर त्यांच्या पदरावरून गेला, एकदा उडाला आणि माळ उतरायला लागला. सटवा "आरं आरं" करत त्याच्यामागं धावला आणि उगाच थोडा वेळ पाहत उभा राहिला. असं काही आपण आयुष्यात परत पाहणार नाही, हे त्याला कळत होतं. अजिनाथ घोरत होता.

सगळे टायरकडं बघत होते. छबुबाईनं तेवढ्यात कंदील वर केला आणि भगदाडात पाहिलं.

तिथं काही नव्हतं. हा मुरमाचा खड्डा आहे हे तिला ठाऊक होतं. इथून तिनं स्वतः पाट्या वाहिल्या होत्या. तरी कंदिलाचा उजेड आत गेला, तांबड्या भिंतीला लागला, कशालाच न अडकता परत आला, आणि ती एक पाऊल मागं सरली. जिथं मेलेलं माणूस असायला हवं तिथं नुसती जागा होती. ती जागा तिच्याकडं बघत होती. तिच्या पोटात हंगामभर दडलेलं हसू हललं आणि वर यायला लागलं.

"सटवा," खालून मोहनराव ओरडले, "पळ तू. निरोप तू सांग. छबू, तू थांब, माझा पाय बघ."

सटवा निघाला. छबुबाई थांबली. तिनं मोहनरावांचा घोटा दाबून पाहिला, वळवून पाहिला. मोडलेला नव्हता, मुरगळला होता. तिनं कंदील धुळाजीच्या हातात दिला.

"देवदूत हाय की तुमच्याजवळ," ती म्हणाली आणि पळाली.

खाली मंडळी उभी होती. रीतीप्रमाणे मुकी. प्रविण पाळक रुळापाशी पाना घेऊन. पोरं फोन धरून. माळावर आधी काहीतरी घरंगळल्याचा आवाज झाला, मग वाटेवर धूळ उठली, मग धुळीतून एकटी धोंड आली. कुणी बोललं नाही. रीत रीत आहे. धोंड कोंबड्यांतून गेली, कोंबड्या बोलल्या. तिनं लिंबाला वळसा घातला, प्रार्थनाघराच्या पायरीपाशी आली, गरगर फिरली, मंद झाली, आणि धप्पकन आडवी झाली. मागच्या रांगेतल्या बायांचे खांदे हलायला लागले. एकीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मग सटवा आला. लुगडं गुडघ्यापर्यंत, छाती भात्यासारखी. भगवानरावांनी हातानं खूण केली, सांग. सटवानं मागं वळून माळाकडं पाहिलं. भगवानरावांना आता मुकं राहवलं नाही.

"सांग की. काय झालं?"

"मी न्हाई सांगत," सटवा म्हणाला. "मी टायर बघत व्हतो. आत तिनं बघितलं. मागून येतीय."

"बाई बोलायची न्हाई. ठरलंय. तू सांग."

"न बघता कसं सांगू? मी तर खोटी मरीया हाय, काका." सटवानं डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. "खरी ती बघा आली."

छबुबाई आली. एका पायातली चप्पल गेली होती, केस सुटले होते. ती मंडळीसमोर थांबली, पायरीपाशी आडवी पडलेली धोंड तिला दिसली, आणि ती हसायला लागली. शब्द अर्धेमुर्धेच फुटत होते. गुडघ्यांवर हात टेकून ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कसलं ते तिलाही सांगता आलं नसतं. बायांच्या तोंडातले बोळे सुटले. अख्खी मागची रांग हसत सुटली. भगवानराव म्हणाले की ही काय निरोप सांगायची रीत झाली, नुसती बडबड, हिला भोवळ आलीय.

तेव्हा तिनं मान वर केली.

"उठला," ती म्हणाली. "कबर रिकामी हाय. मी बघून आले."

एवढंच. आवाज मोठा नव्हता, पण वाडीच्या शेवटच्या गोठ्यापर्यंत गेला असावा, कारण तिकडं एक म्हैस हंबरली.

भगवानराव हलले नाहीत. टायर निसटला म्हणजे काय निरोप झाला, असं ते म्हणाले. बाईच्या सांगण्यावर घंटा वाजणार नाही. मी स्वतः वर जाऊन बघतो. आणि धोतर सावरून ते माळाकडं निघालेसुद्धा.

आता प्रविण पाळकाला हसू आलं. भित्र्या माणसाचं हसू, एकदा सुटलं की बांध नसलेलं.

"भगवानराव," तो मागून म्हणाला, "शास्त्रात अगदी असंच झालंय. बायांनी येऊन सांगितलं तर शिष्यांना ती बडबड वाटली. मग त्यांच्यातला थोरला शिष्य, पेत्र, खात्री करायला असाच धावत गेला. यंदा पेत्राचं काम तुमच्याकडं आलं बघा."

भगवानराव वाटेत थांबले. पुढं जावं तर पेत्र, माघारी फिरावं तर बाईचं खरं मानलं. त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. पेत्र काही लहान माणूस नव्हता. ते पुढं गेले, आणि थोडं अंतर गेल्यावर चक्क धावायला लागले.

पाळकानं चष्मा पुसला नाही. त्यानं पाना उचलला आणि रुळावर हाणला. परत हाणला. ढोलकी जागी झाली. बाया छबुबाईभोवती जमल्या आणि कुणीतरी तिची हरवलेली चप्पल विचारत होतं, पण ती चप्पल कुठं राहिली हे त्या घागरीसारखंच कुणाला कळलं नाही.

शिरा वाढायला घेतला तेव्हा मोहनराव खाली आले. एका बगलेत देवदूत, दुसऱ्या बगलेत पेत्र, मध्ये लंगडत मरीया. टिकल्या निम्म्या गळालेल्या, मिशीत मुरूम. गाणं आपोआप बारीक झालं. सगळे छबुबाईकडं बघायला लागले आणि ती जमिनीकडं. मोहनरावांना आडव्या टायरवर बसवलं. त्यांनी पाणी मागितलं, घोट घेतला.

"घंटा वर ऐकली मी," ते म्हणाले. "छबू, इकडं ये."

ती गेली.

"मला सांग."

"काय, दादा?"

"निरोप. मला कुणी सांगितलाच न्हाई कधी. दरसाल मीच सांगत आलो. त्याच्या आधी बाप सांगायचा तेव्हा मी त्याचं लुगडं धरून मागं पळायचो. समोर उभं ऱ्हाऊन ऐकलंच न्हाई कधी."

मोहनरावांच्या डोक्यावर पदर अजून तसाच होता. छबुबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिनं आधी त्यांच्या मिशीतला मुरमाचा खडा काढून टाकला.

"उठला, दादा," ती हळू म्हणाली.

मोहनरावांनी मान हलवली. मग जरा पुढं वाकून विचारलं, "आन आत काय बघितलंस?"

"काय न्हाई."

"कायच न्हाई?"

"कायच न्हाई, दादा," छबुबाई म्हणाली. तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले, समोरची मिशीही थरथरायला लागली, आणि कोण आधी हसलं ते शिरा वाढणाऱ्यांना कळलं नाही.